पीटचं दलदली जंगल परत कसं उभं करतात: नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

जून जवळ आला की नाशिकमध्ये वृक्षारोपणाचे मेसेज सुरू होतात, आणि त्याच सुमारास आमच्या पाणथळ जागांच्या ग्रुपवर, नर्सरीवाल्यांच्या बैठकीत, कॉलेजमधल्या एखाद्या बोलण्यानंतर इंडोनेशिया-मलेशियातल्या जळणाऱ्या जंगलांचा विषय निघतोच. प्रश्न बरेचदा तेच असतात, फक्त विचारणारे बदलतात, म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवतोय. सोपे आधी, किचकट नंतर. एखाद्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. पीट म्हणजे नक्की काय? साधा चिखलच ना तो?

नाही, चिखलात माती असते आणि चांगल्या पीटमध्ये माती जवळजवळ नसतेच. पानं, फांद्या, मुळं, आख्खी खोडं साचलेल्या पाण्यात पडत राहिली, त्या पाण्यात ऑक्सिजन नाही म्हणून पूर्ण कुजलीच नाहीत, आणि थरावर थर बसत गेला, की तयार होतं ते पीट. शाळेत भूगोलात कोळशाचे प्रकार पाठ केले होते बघा, पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट, त्यातला हा पहिला. हातात घेतलं तर काळपट तपकिरी, आत लाकडाचे तुकडे सालीसकट ओळखू येतात, मुठीत दाबलं की बोटांतून पाणी गळतं, कारण आकारमानाच्या जवळपास ९० टक्के पाणीच असतं.

हा थर वर्षाला साधारण १ ते २ मिलिमीटर वाढतो. म्हणजे ५ मीटर पीट जमायला काही हजार वर्षं लागतात, आणि काही ठिकाणी तर १० मीटरपेक्षा जास्त खोल पीट आहे. हा वेग डोक्यात पक्का ठेवा, पुढची बरीच उत्तरं त्यावरच उभी आहेत.

२. अशी जंगलं आहेत कुठे?

सगळ्यात जास्त चर्चा होते ती आग्नेय आशियातल्यांची: सुमात्रा, बोर्निओ (म्हणजे इंडोनेशियाचं कालिमांतान, मलेशियाचं सारावाक आणि ब्रुनेई), पापुआ, मलेशियाचा द्वीपकल्प. एकट्या इंडोनेशियात १.३ ते १.५ कोटी हेक्टर पीट आहे. आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यात मध्यभागी एक प्रचंड पट्टा आहे, त्याचा नीट नकाशा २०१७ साली आला, १.४५ लाख चौरस किलोमीटर आणि त्यात जवळपास ३,००० कोटी टन कार्बन. पेरूमध्ये अमेझॉनच्या खोऱ्यातही मोठा पट्टा आहे.

आग्नेय आशियातलं पीट बहुतेक दोन नद्यांच्या मधे साचलेलं असतं, मधे उंच आणि कडेला उतरतं, काही किलोमीटरच्या रुंदीत काही मीटरचा चढ. नदीचं पाणी वर पोचत नाही, जे काय मिळतं ते पावसाचंच. त्यामुळे जमीन अतिशय निकस असते आणि पाणी आम्लधर्मी, पीएच ३ ते ४.

३. भारतात आहेत का मग?

त्या आकाराची आणि त्या जातीची नाहीत. निलगिरीत २,००० मीटरच्या आसपासच्या खोलगट दऱ्यांत पीट सापडतं आणि जुन्या हवामानाच्या अभ्यासासाठी ते मोलाचं ठरलंय. केरळात कुट्टनाडमध्ये 'कारी' जमिनी आहेत, अतिशय आम्लधर्मी आणि खाली अर्धवट कुजलेलं लाकूड असलेल्या. आणि पश्चिम घाटात मायरिस्टिकाच्या, म्हणजे रानजायफळाच्या दलदली आहेत, त्यांत पीटचा जाड थर नसतो पण गोड्या पाण्यात उभं राहणारं जंगल म्हणून त्या जवळच्या नात्यातल्या. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला अशी एक दलदल देवराई म्हणून टिकलीय, २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळ जागेबद्दल १९ नंबरला लिहिलंय.

४. एवढ्या लांबचं जंगल, नाशिककरांनी त्याचं काय करायचं?

तेलाच्या डब्यावरचं लेबल वाचा. भारत दरवर्षी ७५ लाख ते १ कोटी टनांच्या दरम्यान पामतेल आयात करतो, त्यातलं बरंचसं इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं, फरसाण, बिस्किटं, साबण, हॉटेलचं तळण सगळीकडे ते असतं. सगळा पाम पीटवरचा नसतो हे आवर्जून सांगतो, साध्या मातीवरच्या बागा भरपूर आहेत. पण पीटमध्ये चर मारून काढलेल्या बागाही लाखो हेक्टर आहेत, आणि एका हेक्टरमागे नुकसान बघितलं तर या बागा फार पुढे आहेत.

दुसरं कारण हवामान. जगाच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग पीटचा (थंड देशांतला धरून), आणि जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून आहे त्यापेक्षा जास्त कार्बन त्यात साठलाय. तो हवेत गेला की आपल्या पावसाचं गणित बिघडवायला तिथून इथे यायला व्हिसा लागत नाही.

५. आमच्याकडे पाणथळ जमिनीत चर मारून निचरा केला की जमीन सुधारते. तिथे चर मारले तर बिघडलं कुठे?

निफाडकडचे शेतकरी हा प्रश्न नेहमी विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मातीतलं जादा पाणी गेलं तरी माती जागेवर राहते. पीटमध्ये पाणी गेलं की जमीनच जाते. पाण्याखाली होतं म्हणून जे कुजत नव्हतं ते हवा लागल्याबरोबर कुजायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. शिवाय पाण्याचा आधार गेल्यामुळे थर दबतो. चर मारल्यावर पहिल्या पाच वर्षांत जमीन एक मीटरहून जास्त खचते आणि मग दरवर्षी साधारण ५ सेंटिमीटर खचतच राहते. १ नंबरमधला वेग आठवा: वर्षाला १-२ मिलिमीटर जमलेलं, वर्षाला ५० मिलिमीटरने संपतंय.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मध्य कालिमांतानचं. सुहार्तो राष्ट्राध्यक्ष असताना १९९५ मध्ये दहा लाख हेक्टर दलदल भाताखाली आणायची योजना काढली, १९९६ पासून ४,००० किलोमीटरहून जास्त कॅनॉल खणले, काही कॅनॉल तर थेट घुमटासारख्या उंच भागातून आरपार नेले. भात आला नाही, कारण जमीन आम्लधर्मी आणि निकस. १९९९ मध्ये योजना अधिकृतपणे गुंडाळली पण कॅनॉल तसेच राहिले आणि रात्रंदिवस पाणी नदीत सोडत राहिले. आजही रिस्टोरेशनची निम्मी डोकेदुखी त्या कॅनॉलांचीच आहे.

६. आग लागते म्हणतात, पण दलदलीला आग लागेलच कशी? आणि लागली तर विझत का नाही?

ओल्या पीटला आग लागत नाहीच. वाळलेल्याला लागते, आणि ती ज्वाळेने न जळता आत धुमसत जाते, मुळांच्या बाजूने, जमिनीखाली, आठवडेच्या आठवडे. वरून पाणी मारलं की वरचा काही इंच भाग ओला होतो आणि खालची आग चार हात लांब जाऊन पुन्हा वर निघते. तिथले लोक बोअर मारून ठेवतात, लांब टोकदार नळी जमिनीत खुपसून आत पाणी सोडतात, तरीही मोठी आग विझवतो तो शेवटी पाऊसच.

१९९७ सालच्या एल निनोत (पॅसिफिक महासागर तापतो आणि तिकडे पाऊस कमी पडतो ते वर्ष) कालिमांतानमध्ये सरासरी अर्धा मीटर पीट जळून गेलं. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगीतून ८१ ते २५७ कोटी टन कार्बन हवेत गेला असा अंदाज आहे, म्हणजे तेव्हा अख्खं जग वर्षभरात कोळसा-तेल जाळून जेवढा कार्बन सोडायचं त्याच्या १३ ते ४० टक्के. २०१५ मध्ये पुन्हा तेच, साधारण २६ लाख हेक्टर जळलं, सिंगापूर-मलेशियात शाळा बंद ठेवायची वेळ आली, आणि जागतिक बँकेने इंडोनेशियाचं नुकसान १,६०० कोटी डॉलरच्या वर धरलं. त्यानंतरच जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या सरकारने पीट रिस्टोरेशनसाठी स्वतंत्र संस्था काढली आणि २० लाख हेक्टरचं टार्गेट ठेवलं.

७. रिस्टोरेशन म्हणजे झाडं लावायची ना? किती लावली ते सांगा ना मग.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि माझं म्हणणं यावरच सगळ्यात ठाम आहे. आधी पाणी, मग झाड. कॅनॉल उघडे ठेवून वाळलेल्या पीटवर लाख रोपं लावली तरी पुढच्या कोरड्या वर्षात ती आगीत जातात, आणि आग नाही लागली तरी त्यांच्या पायाखालची जमीन दरवर्षी खचते, मुळं उघडी पडतात, झाड कलतं आणि पडतं. फोटो मात्र लावल्याच्या दिवसाचाच फिरत राहतो, वाईट वाटतं बघून.

इंडोनेशियात कामाचे तीन भाग धरतात: पीट परत ओलं करणं, झाडोरा परत आणणं, आणि तिथल्या माणसांना ओल्या जमिनीवर पोट भरता येईल असं काहीतरी उभं करणं. पाणी पहिलं असलं तरी तिसरा भाग सोडला तर पहिला टिकत नाही (१४ नंबर बघा).

८. कॅनॉल अडवायचा म्हणजे आपला वनराई बंधाराच की! पोत्यांत माती भरायची आणि रचायची?

विचार तोच, पण आपली पद्धत जशीच्या तशी तिथे नेली तर दोन पावसात वाहून जाईल. पेठ-सुरगाण्यात ओढ्याच्या तळाला खडक नाहीतर मुरूम लागतो, त्यावर पोती रचली की बसतात. पीटमध्ये तळच नाही, जड पोती किंवा दगड टाकले की स्वतःच्या वजनाने खाली खाली जातात. शिवाय पीटमधून पाणी आडवं सहज झिरपतं, म्हणजे बंधारा कितीही भक्कम असला तरी पाणी बाजूने काठ पोखरून वाट काढतं.

म्हणून तिथे लाकडी खांबांच्या दोन-तीन रांगा कॅनॉलच्या आरपार खोल ठोकतात, त्या दोन्ही काठांच्या आत बऱ्याच लांबपर्यंत नेतात, मधल्या जागेत तिथलंच पीट पोत्यांत भरून किंवा मशिनने दाबून घालतात. मोठ्या कॅनॉलवर नुसता दाबलेल्या पीटचा रुंद बांधही चालतो आणि कालांतराने त्यावर झाडं उगवून तो आणखी घट्ट होतो. मधे सांडवा ठेवायचा, जादा पाणी तिथूनच गेलं पाहिजे, नाहीतर ते काठ फोडतं.

आणि एक बंधारा घालून कधीच भागत नाही. घुमटाच्या उतारावर एकामागे एक बंधारे घालत जायचं, असे की दोन बंधाऱ्यांमधल्या पाण्याच्या पातळीत साधारण २०-३० सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडणार नाही. फरक जास्त ठेवला तर वरच्या बंधाऱ्यावर पाण्याचा दाब वाढतो आणि तो फुटला की खालची अख्खी माळ जाते. पैसे वाचवायला बंधारे कमी करणं हा सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट आहे. डागडुजीचं बजेट पहिल्या दिवसापासून धरायचं, लाकूड त्या पाण्यातही कायमचं टिकत नाही.

९. पाणी किती वर आणायचं असतं?

इंडोनेशियाच्या नियमात पाण्याची पातळी जमिनीखाली ४० सेंटिमीटरपेक्षा खोल जाता कामा नये असं आहे. पण तो बागा वगैरे असलेल्या पीटसाठीचा किमान नियम समजा. जंगल परत आणायचं असेल तर वर्षातला बराच काळ पाणी पृष्ठभागाला लागून हवं, पावसाळ्यात थोडं वर आलं तरी चालतं. ढोबळ हिशोब असा की पातळी १० सेंटिमीटरने खाली गेली की हेक्टरी वर्षाला साधारण ९ टन कार्बन डायऑक्साइड वाढतो. उलटंही तेच, जेवढं वर आणाल तेवढा फायदा, ४० वर थांबायचं काही कारण नाही.

मोजतात अगदी साध्या साधनाने. पीव्हीसी पाइपला भोकं पाडायची, गाळ आत येऊ नये म्हणून जाळी गुंडाळायची, जमिनीत उभा रोवायचा आणि टेपने आत पाणी किती खोल आहे ते बघायचं. महत्त्वाचं म्हणजे पाइप कॅनॉलपासून वेगवेगळ्या अंतरावर लावायचे, कारण बंधाऱ्याजवळ पाणी वर आलेलं असतं आणि शे-दोनशे मीटर आत जमीन कोरडीच असू शकते.

१०. एकदा ओलं केलं की पीट पहिल्यासारखं होतं का?

पूर्णपणे नाही. नर्सरीवाल्यांना हे पटकन कळतं: कोकोपीटचा ट्रे उन्हात पूर्ण वाळला की वरून घातलेलं पाणी आत मुरत नाही, कडेने सरळ खाली निघून जातं आणि मधला गठ्ठा कोरडाच. खूप वाळलेल्या पीटचंही तसंच होतं, ते पाणी झिडकारायला लागतं, आणि बऱ्याचदा ते कायमचं. त्याशिवाय दबलेलं पीट घट्ट झालेलं असतं, त्यात पहिल्याइतकं पाणी मावतच नाही, म्हणून पातळी पावसाबरोबर झटकन चढते आणि झटकन उतरते. खचलेली उंची आपल्या हयातीत भरून येत नाही. ओलं करण्याने मिळतं ते हे: कुजणं मंदावतं, आग थांबते, खचणं कमी होतं, आणि झाडांना उभं राहायला जागा मिळते.

११. मग झाडं लावायची गरज असते की नाही? आपोआप नाही येत?

किती वेळा जळलंय त्यावर आहे. फक्त लाकूडतोड झाली असेल किंवा एकदाच आग लागून गेली असेल, शेजारी जंगल शिल्लक असेल आणि पाणी परत आलं असेल, तर जंगल बरंचसं स्वतःच येतं, तिथे आपण हात न लावणंच बरं. कालिमांतानमध्ये तुमिह नावाचं झाड अशा मोकळ्या जागी सगळ्यात आधी येतं आणि बाकीच्यांना सावली देतं.

दोन-तीनदा जळालं की मात्र जमिनीतलं बी संपतं, खोडाला फुटवे फुटायचे थांबतात आणि नेचे आणि लव्हाळ्यांची एवढी दाट गादी होते की बी पडलं तरी जमिनीला टेकत नाही. बी आणणारे पक्षी, वटवाघळं, ओरांगउटान उघड्या माळावर फारसे येत नाहीत, त्यामुळे जंगलाच्या कडेपासून लांब गेलं की नवीन रोप दिसणं कमी कमी होत जातं. तिथे लावावंच लागतं. सगळीकडे सारखी रोपं लावण्यापेक्षा कुठे लावायची नाहीत हे ठरवण्यात जास्त अक्कल लागते.

१२. कोणती झाडं लावतात? आणि कशी?

तिथलीच. बालांगेरान (आपल्या सालाच्या कुळातलं, पाणी आणि ऊन दोन्ही सोसतं), जेलुतुंग (याचा चीक च्युइंगमसाठी विकला जायचा), पुलाई (आपल्या सातवीणचा भाऊबंद). रामिन नावाचं फार मौल्यवान लाकडाचं झाड आहे, त्याची इतकी तोड झाली की २००५ पासून त्याच्या जगभरच्या व्यापारावर नियंत्रण आहे, ते सावलीत वाढतं म्हणून आधी दुसरी झाडं वर आल्यावर लावलेलं बरं. ऑस्ट्रेलियाकडची अकेशिया झपाट्याने वाढते म्हणून काही जण सुचवतात, पण ती प्लॅन्टेशनमधून निघून रिकाम्या पीटवर स्वतःच पसरते आणि मग काढणं अवघड जातं. तिच्या वाटेला जाऊ नये.

रोपं बऱ्याचदा बियांपासून न करता जंगलात मोठ्या झाडाखाली उगवलेली छोटी रोपं उचलून नर्सरीत वाढवतात, कारण या झाडांना बी दरवर्षी येतंच असं नाही आणि आलं तर ते वाळवून डब्यात साठवता येत नाही, काही दिवसांतच मरतं. मुळांवर जगणारी उपयोगी बुरशी देण्यासाठी मूळ जंगलातलं थोडं पीट पिशवीत मिसळतात. लावण्याआधी काही आठवडे रोपं उन्हात आणि पाण्यात उभी ठेवून काटक करतात.

लावताना पीटचाच गुडघाभर उंचवटा करतात आणि रोप त्याच्या माथ्यावर बसवतात. रोपाची मुळं ओलीत राहिली पाहिजेत पण पावसाळ्यात शेंडा पाण्याखाली जाता कामा नये, शेंडा बरेच दिवस बुडाला तर ही पाण्यातली झाडंही मरतात. रोपाभोवतीचे नेचे पहिली दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा कापावे लागतात. एकदा लावून निघून जायचं काम हे नाहीच.

१३. ब्रह्मगिरीला सीडबॉल टाकतो तसे ड्रोनने टाकले तर?

बहुतेक वाया जातील. बी साठत नाही (१२), पडलं तर नेच्यांवर अडकतं (११), आणि जमिनीपर्यंत पोचलं तरी उंचवटा नसल्यामुळे पहिल्या पुरात बुडतं.

१४. कॅनॉल बंद केले तर तिथल्या लोकांनी जायचं कुठून आणि खायचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनापासून धन्यवाद देतो, कारण बरेच प्रकल्प इथेच बुडालेत. कॅनॉल म्हणजे तिथला रस्ता आहे. होडीने मासे, लाकूड, रबर, शाळेची पोरं सगळं जातं. न विचारता बंधारा घातला तर एका रात्रीत कोणीतरी तो मधोमध तोडतं आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. म्हणून छोट्या होड्या ओढून पलीकडे नेता येतील असा उतार बंधाऱ्यावर ठेवतात, किंवा कोणता कॅनॉल उघडा राहील हे गावाबरोबर बसून ठरवतात.

पोटापाण्यासाठी पाण्यात येणारीच पिकं बघावी लागतात. सगळ्यात चांगलं उदाहरण सागोचं. आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा असतो, तिथला सागो निघतो ताडाच्या कुळातल्या एका झाडाच्या खोडातून. खोड उभं चिरून आतला पांढरा गाभा किसतात, पाण्यात धुतात, खाली बसतं ते पीठ. झाड तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात पण बुंध्याशी फुटवे येत राहतात त्यामुळे एकदा बन लागलं की पुन्हा लावायला लागत नाही, आणि निचरा न करता ते छान येतं. रिआऊ प्रांतात सुंगाई तोहोर नावाच्या गावाने सागो वाचवण्यासाठीच कॅनॉल अडवायला सुरुवात केली, नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो तिथे जाऊन बंधाऱ्याच्या कामाला हात लावून आले. गावाला स्वतःचा फायदा दिसत होता म्हणून ते काम तिथे रुजलं.

याशिवाय पुरून नावाच्या लव्हाळ्याच्या चटया-पिशव्या बायका विणतात, नेच्याची कोवळी पानं भाजी म्हणून विकली जातात, काळ्या पाण्यातले मासे आहेतच. उत्पन्न पामइतकं लगेच आणि भरघोस नाही, हे तिथल्या लोकांना माहीत असतं आणि आपणही लपवू नये.

१५. पाणी भरलं की मिथेन निघतो म्हणे. मग उलट नुकसानच नाही का?

मिथेन निघतो, खरं आहे, काही तर झाडांच्या खोडातूनही बाहेर येतो. पण उष्णकटिबंधातल्या लाकडी पीटमधून निघणारा मिथेन तुलनेने कमी आहे, आणि कोरड्या पीटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड, खत घातलेल्या बागांतला नायट्रस ऑक्साइड आणि आगीचा धूर एका पारड्यात टाकला तर ओलं करण्याचा फायदा स्पष्ट मोठा निघतो. मिथेन दहा-बारा वर्षांत हवेतून निघून जातो, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. काळजी एवढीच घ्यायची की पातळी पृष्ठभागाला लागून ठेवायची, उगाच तळं करायचं नाही.

१६. आम्ही आमच्या भागातले कॅनॉल बंद केले पण शेजारची कंपनी पंप लावून पाणी काढतेच आहे. तर?

तर तुमचं काम अर्धवटच राहणार. दोन नद्यांमधला पीटचा अख्खा घुमट पाण्याच्या दृष्टीने एकच असतो, जमिनीचे कागद कितीही वेगळे असोत. शेजाऱ्याचा खोल चर तुमच्या हद्दीतलं पाणी आतून ओढतो. म्हणूनच इंडोनेशियाचे नियम दोन नद्यांमधला भाग एक एकक धरतात आणि ३ मीटरपेक्षा खोल पीट राखीव ठेवायला सांगतात. प्रत्यक्षात जमत नसेल तर हद्दीवर पाणी धरून ठेवणारा रुंद पट्टा सोडतात आणि त्या पट्ट्यातलं नुकसान गृहीत धरतात.

१७. पीट खूप पातळ उरलंय किंवा जमीन नदीच्याही खाली गेलीय, तिथे काय करायचं?

हा खरा अवघड प्रकार. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच पीटखाली समुद्राची जुनी चिकणमाती असते आणि त्यात पायराइट. तिला हवा लागली की गंधकाम्ल तयार होतं, मासे मरतात, पीक येत नाही, रोपंही जळतात. अशा जागी पहिलं काम म्हणजे ती माती पुन्हा पाण्याखाली झाकणं, पीट पातळ आहे म्हणून सोडून द्यायची नाही.

जमीन खचून नदीच्या पातळीखाली गेली असेल तर बंधारा काढा नाहीतर घाला, पावसाळ्यात पाणी साचतंच. तिथे मूळचं उंच जंगल आणायचा हट्ट सोडून गेलामसारखी पूर सोसणारी झाडं, लव्हाळी, मासे यांची पाणथळ जागा होऊ द्यावी. तो पराभव आहे असं मला वाटत नाही, ओलं राहिलं म्हणजे उरलेलं पीट वाचलं.

१८. किती वर्षांत जंगल परत येतं? यश कसं ओळखायचं?

पाणी काही महिन्यांत, आग थांबणं पहिल्या एल निनोत कळतं, सावली देणारी झाडं दहा-पंधरा वर्षांत, मूळ जंगलासारखं काही दिसायला कित्येक दशकं, आणि पीटचा हिशोब तर हजारांत. म्हणून रोपांचा आकडा यशाचं माप होऊच शकत नाही. बघायचं ते कोरड्या महिन्यातली पाण्याची पातळी, खचण्याचा वेग (तो आता सॅटेलाइटवरूनही मोजता येतो), जळालेलं क्षेत्र, आणि कोणी न लावता उगवलेली रोपं. शेवटचं दिसायला लागलं की मला सगळ्यात जास्त आनंद होतो.

एक गोष्ट इथेच सांगतो: जे जंगल अजून ओलं आहे ते राखणं हे बिघडलेलं सुधारण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि खात्रीचं आहे. काँगोतला तो पट्टा अजून बराचसा शाबूत आहे.

१९. नांदूरमध्यमेश्वरला किंवा आपल्या तळ्यांना ही पद्धत लावता येईल का?

नाही. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), पण ते गोदावरी-कादवेच्या संगमावर बांध घालून साचलेल्या गाळावर तयार झालंय, तिथे पीट नाही, पाणी आम्लधर्मी नाही, आणि तिथले प्रश्न गाळ, सांडपाणी, पाणवनस्पती, पाण्याचं आवर्तन हे आहेत. तिथे झाडं लावून दलदलीचं जंगल करणं म्हणजे उघड्या पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांची जागा घालवणं. घेण्यासारखं एकच आहे, पाणी कुठून येतं, कुठे जातं, कोणत्या महिन्यात किती असतं हे वर्षभर मोजल्याशिवाय पाणथळ जागेत फावडं मारायचं नाही.

२०. नर्सरीत पीट मॉस वापरतो, ते याच जंगलांतून येतं का? बंद करू का?

तुमच्या ट्रेमधलं पीट मॉस साधारणपणे कॅनडा किंवा बाल्टिक देशांतल्या थंड दलदलीतलं असतं, शेवाळाचं बनलेलं. या लेखातल्या जंगलांशी त्याचा थेट संबंध नाही, पण तेही हजारो वर्षांत जमलेलं आणि काढलं की संपणारं आहे. द्राक्ष, टोमॅटो, मिरचीच्या रोपांसाठी नीट धुतलेलं, क्षार कमी असलेलं कोकोपीट आणि थोडं गांडूळखत यावर नाशिकमधल्या कित्येक नर्सऱ्या चालतात. जमत असेल तर बदला.

२१. आमच्या ग्रुपला अशा प्रकल्पाला पैसे द्यायचेत. कोणाला द्यावे हे कसं ओळखायचं?

नावं मी सुचवत नाही, प्रश्न देतो, ते ईमेलवर विचारा आणि उत्तराची वाट बघा. कॅनॉल किती किलोमीटर आहेत आणि त्यातले किती अडवले? पाण्याची पातळी मोजायचे पाइप किती आणि गेल्या कोरड्या हंगामातलं सगळ्यात खोल रीडिंग किती? बंधारा फुटला तर दुरुस्ती कोण करतं, कोणाच्या पैशाने? गावाने लेखी संमती दिलीय का आणि होड्यांचं काय ठरलंय? शेजारी कोण निचरा करतंय (१६)? लावलेल्या रोपांपैकी तीन वर्षांनी किती जगली? कार्बन क्रेडिट विकत असतील तर प्रकल्प नसता तर किती पीट जळलं असतं हे त्यांनी कशावरून धरलं, ते वाचायला मागा, कारण तो आकडा फुगवला की बाकी सगळंच फुगतं. पातळीची रीडिंग मागितल्यावर ज्यांच्याकडून एक्सेल शीट येते, त्यात वाईट महिनेही दिसतात, त्यांच्याशी पुढचं बोलणं करा.